मुंबईच्या कवितेतल्या जुन्या संहिता कशा शोधाव्यात आणि कशा वाचाव्यात

मुंबईवरची आधुनिक कविता वाचताना ओळखीचे काहीतरी सतत कानावर पडत राहते. कुठे अभंगाचा ठेका असतो, कुठे भूपाळीतली पहाट, कुठे शाळेच्या प्रार्थनेतला श्लोक, तर कुठे थेट महाभारतातला कुत्रा. एका संहितेत दुसऱ्या संहितेचा असा जो वावर असतो त्याला समीक्षेत आंतरसंहितात्मकता म्हणतात. अभ्यासक बहुधा हा वावर ओळखतात आणि तिथेच थांबतात. ‘येथे संतकाव्याचा प्रभाव दिसतो’ एवढे लिहिले की काम झाले असे त्यांना वाटते. वस्तुतः काम तिथून सुरू होते. जुनी ओळ कवीने नेमकी कुठे वाकवली आणि त्या वाकणावर शहरातला कोणता माणूस किंवा कोणती जागा उभी आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे देता आली तरच कवितेचे आंतरसंहितात्मक वाचन झाले असे म्हणता येईल. ते कसे करावे हे मुंबईच्या काही कवितांच्या आधाराने येथे मांडले आहे.

आधी कानाने वाचावे

संदर्भ शोधण्यासाठी शब्दकोश किंवा टीकाग्रंथ उघडण्यापूर्वी कविता दोनतीन वेळा मोठ्याने वाचावी. मराठी कवीला परंपरा प्रथम लयीतून मिळालेली असते आणि त्यामुळे उसनवारीची पहिली खूण पुष्कळदा शब्दांत न सापडता चरणांच्या लांबीत सापडते. नारायण सुर्वे यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आहे. हे नाव ऐकताच ‘अहं ब्रह्मास्मि’ हे उपनिषदातले महावाक्य आठवते आणि ‘ऐसा गा’ या बोलण्याच्या धाटणीमुळे ज्ञानेश्वरीची भाषाही आठवते. बहुतेक विवेचने इथपर्यंत येतात. आता त्या शीर्षकाच्या पुढच्या ओळी मोठ्याने म्हणून पाहाव्यात: ‘ऐसा गा मी ब्रह्म / विश्वाचा आधार / खोलीस लाचार / हक्काचिया’. अक्षरे मोजली तर सहा, सहा, सहा आणि चार अशी मांडणी मिळते आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक सापडते. हा मोठ्या अभंगाचा साचा आहे.

साचा सापडल्यावर त्याच साच्यातला एखादा सर्वांना पाठ असलेला अभंग शेजारी ठेवावा. तुकोबांचे ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’ घेतले तर चौथ्या चरणाचा शेवटही जवळजवळ जुळतो. सुर्व्यांनी याच अभंगावरून ओळी बेतल्या असा दावा करण्याचे कारण नाही, कारण हा साचा हजारो अभंगांचा आहे. परंतु शेजारी ठेवल्यामुळे एक गोष्ट डोळ्यांत भरते. पंढरीच्या देवाला उभे राहण्यासाठी निदान एक वीट मिळालेली आहे. मुंबईतल्या ब्रह्माला मात्र हक्काची खोली नाही. ‘आधार’ आणि ‘लाचार’ हे यमक अभंगाच्या नियमानेच जुळते आणि त्याच नियमामुळे विश्वाला आधार देणारा आणि घरासाठी हात पसरणारा हे दोघे एकच माणूस ठरतात. शेवटच्या चरणात ‘-चिया’ हा जुना षष्ठीचा प्रत्यय ‘हक्क’ या शब्दाला लागला आहे, आणि हा शब्द गिरणगावात मोर्चाच्या घोषणांत आणि संघटनेच्या पत्रकांत ऐकू येणारा आहे. वाकण इथे आहे. अभ्यासकाने याच चार अक्षरांवर बोट ठेवावे. संतकाव्याच्या प्रभावावर चार पाने लिहिण्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे होईल.

अक्षरगणना करण्याचा कंटाळा अनेकांना असतो. तो सोडावा लागेल.

मूळ संहिता आणि तिचा काळ निश्चित करावा

लय किंवा शब्द ओळखीचा वाटला की तो कुठून आला हे स्मरणाच्या भरवशावर ठरवू नये. गाथा, ज्ञानेश्वरी, शाहिरांच्या रचना, आणि मुंबईपुरते बोलायचे तर गोविंद नारायण माडगांवकर यांचे १८६३ सालचे ‘मुंबईचे वर्णन’ ही पुस्तके जवळ असावीत. माडगांवकरांचे पुस्तक कवितेच्या अभ्यासकाला विशेष उपयोगी पडते, कारण शहराची स्तुती करण्याची मराठी गद्यातली रीत त्यात दिसते: रस्ते, बाजार, देवळे, जातीजमाती आणि व्यापार यांची ऐसपैस यादी करीत नवलाने पुढे जाणे. पुढच्या अनेक कवितांत हीच यादी येते, मात्र नवल नाहीसे झालेले असते.

याचे सरळ उदाहरण शाहिरीत मिळते. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या मुंबईवरच्या लावणीत ही नगरी ‘जशी रावणाची दुसरी लंका’ म्हणून येते. उपमा दुधारी आहे. लंका सोन्याची आणि म्हणून डोळे दिपवणारी. पण ती रावणाची, म्हणून तिथे पाऊल ठेवणाऱ्याने सावध असावे. बापूराव या दुधारीपणाचा मजेत उपभोग घेतात आणि शहराचा डंका वाजवतात. त्यानंतर अण्णा भाऊ साठे ‘मुंबईची लावणी’ लिहितात. मुंबई, लावणी आणि शहर दाखवत फिरण्याची पद्धत या तिन्ही गोष्टी समान असल्यामुळे नंतरची रचना आधीच्या रचनेशी बोलते आहे असे खात्रीने म्हणता येते. अण्णा भाऊंच्या लावणीत मलबार हिल ही इंद्रपुरी होते, तिथे कुबेरांची वस्ती असते, आणि लगेच पुढच्या कडव्यात परळात रात्रंदिवस राबणारी, मिळेल ते खाऊन घाम गाळणारी माणसे येतात. बापूरावांची मुंबई ही एकच नगरी होती. अण्णा भाऊंच्या लावणीत तिचे दोन तुकडे झाले आहेत आणि पौराणिक उपमा फक्त उंचावरच्या तुकड्याला मिळाली आहे. परळाला कोणतीही उपमा नाही. कवीने उपमा कोणाला दिली हे वाचक नेहमी पाहतो, परंतु कोणाला दिली नाही हे टिपण्याची सवय लावून घ्यावी.

येथे पुराव्याच्या वजनाचाही विचार करावा लागतो. पुराणकथेनुसार लंका मुळात कुबेराची होती आणि रावणाने ती त्याच्याकडून हिरावून घेतली. तेव्हा बापूरावांच्या रावणाच्या जागी अण्णा भाऊंनी कुबेराला आणून लंकेचा जुना मालक परत बसवला, असे म्हणण्याचा मोह होतो. मोह सुंदर आहे, पण पुरावा अपुरा आहे. मराठीत कोणत्याही धनिकाला कुबेर म्हणतात आणि एवढ्या सरसकट वापरातल्या शब्दावर हेतूचा इमला रचता येत नाही. अशी जुळणी टिपणात जरूर नोंदवावी, परंतु ती वाचकाची जोड म्हणून नोंदवावी. शीर्षक आणि रचनाप्रकार यांचे साम्य भक्कम मानावे, सलग शब्दसमूहाचे साम्य त्याच्या खालोखाल, आणि सुटा शब्द सर्वांत कमकुवत.

एका अक्षराचा बदलही निसटू देऊ नये

बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांच्या बाबतीत मूळ संहिता शोधावी लागत नाही. ती इतकी परिचित असते की वाचक हसून पुढे जातो आणि तिथेच चुकतो. ‘सर्वेऽत्र सुखिनः सन्तु, सर्वे सन्तु निरामयाः’ ही प्रार्थना मराठी घरांत आणि शाळांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली आहे. मर्ढेकर तिचे ‘सर्वे जन्तु रुटिनाः, सर्वे जन्तु निराशयाः’ असे करतात. विडंबन म्हणून हे सर्वांना कळते. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून एकेक अक्षर ताडून पाहिले तर आणखी काही दिसते. ‘सन्तु’ हे आज्ञार्थी क्रियापद आहे, ‘असोत’ अशी इच्छा त्यात आहे, आणि संपूर्ण प्रार्थनेचे आशीर्वादपण त्या एका शब्दावर उभे आहे. ‘स’च्या जागी ‘ज’ आल्यावर ते क्रियापदच उरत नाही. तिथे एक प्राणी येऊन बसतो. कोणी कोणासाठी काही मागत नाही, फक्त वस्तुस्थिती सांगितली जाते. ‘रुटीन’ या इंग्रजी शब्दाला संस्कृत विसर्ग लावल्याने कचेरीतला दिनक्रम मंत्राच्या पावित्र्याला पोचतो, ही गंमत खरी. पण अर्थाचा आघात ‘जन्तु’वर आहे. महानगरातल्या गर्दीचे नाव म्हणून हा शब्द मर्ढेकरांनी योजला हे त्यांच्या मुंग्यांच्या कवितेशी ताडून पाहता येते.

त्यांची मुंबईच्या पहाटेवरची कविता याहून अवघड आहे, कारण तिच्यात विडंबन नाही. ‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेने’ मुंबापुरीचे बंदर उजळीत माघातली प्रभात येते. होनाजी बाळा यांच्या ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा अरुणोदय झाला’ या भूपाळीत उजाडल्यावर देवाला उठवले जाते, गाई हंबरत असतात, आणि क्षीरपात्र घेऊन धार काढायला सांगितले जाते. मर्ढेकरांच्या सकाळीही दूध आहे. पिवळे हंडे भरून गवळी कावड नेत आहेत, पण ‘मान मोडुनी’. भूपाळीतला आवाज कोणाला तरी जागे करतो. या कवितेत कोणालाही उठवायला कोणी नाही, काळोखाच्या उशीवरून घरे आपली डोकी आपणच अलगद उचलतात. इथे मर्ढेकर जुन्या पहाटेची टर उडवत नाहीत. ती पहाट बंदरावर, चाळींवर आणि ओझ्याखाली वाकलेल्या माणसावर तशीच प्रेमाने पसरते का, हे ते पाहत आहेत आणि थोडा वेळ तरी ती पसरते असे कवितेचे म्हणणे आहे. आंतरसंहितात्मकता म्हणजे नेहमी उपरोध, असे गृहीत धरून वाचणाऱ्याला ही कविता हाती लागत नाही.

याच ठिकाणी मात्रा मोजाव्यात. ‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या’ ही ओळ सोळा मात्रांची आहे. मर्ढेकरांच्याच दुसऱ्या कवितेतली ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ ही ओळही सोळा मात्रांची आहे. बंदरावरची सोज्वळ सकाळ आणि पिपातले मेलेले उंदीर एकाच चालीत म्हणता येतात. कवीच्या एका कवितेला त्याचीच दुसरी कविता मूळ संहिता म्हणून लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देणे कठीण.

नकाशा, रस्ता आणि पुतळा यांनाही संहिता मानावे

शहराच्या कवितेत मागची संहिता पुस्तकातच असते असे नाही. अरुण कोलटकर यांच्याकडे वळताना शहराचा जुना नकाशा आणि थोडा स्थानिक इतिहास हाताशी असावा. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७) या संग्रहात मुंबईने भिकेस लावलेल्या माणसाची पायपीट आहे. तो कल्याणला गूळ खातो, नाव नसलेल्या पण धबधबा असलेल्या गावात कांबळे विकतो, नाशिकला पोचतो आणि तिथे आपला तुकाराम विकून खिमापाव खातो. पुढे आग्रा रोड सोडल्यावर पायातली चप्पल दगा देते. गावांची नावे नकाशावर क्रमाने जोडली तर हा खरा रस्ता आहे हे कळते, आणि तीर्थयात्रेत जसे गावांचे मुक्काम सांगतात त्याच रीतीने ते सांगितले आहेत हेही लक्षात येते.

या कवितेतला ‘तुकाराम’ म्हणजे पुस्तकाची प्रत. येथे दुसरी संहिता उद्धृत केलेली नाही, ती रद्दीच्या किंवा जुन्या पुस्तकांच्या भावाने विकली गेली आहे. अभ्यासकाने येथे घाईने ‘परंपरेचा त्याग’ असा निष्कर्ष काढू नये. आधी गाथा उघडावी. ‘बरे झाले देवा निघाले दिवाळे, बरी या दुष्काळे पीडा केली’ असे तुकोबांनीच म्हणून ठेवले आहे. दिवाळे निघाल्याबद्दल देवाचे आभार मानणाऱ्या वाण्याचे पुस्तक, शहराने दिवाळे काढलेल्या माणसाने विकून पोट भरले. पुस्तक हातातून गेले आणि त्यातला प्रसंग अंगावर आला. तुकोबांचे भाषांतर करणाऱ्या कवीला हे ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे, तरीही कवितेत तो अभंग शब्दाने येत नाही हे टिपणात स्पष्ट लिहावे.

कोलटकरांच्या २००४ सालच्या इंग्रजी ‘काळा घोडा पोएम्स’मधली ‘पाय-डॉग’ ही कविता तर या पद्धतीच्या सरावासाठीच लिहिली आहे की काय असे वाटावे इतकी सोयीची आहे. पहाटेच्या वेळी काळा घोडा चौकातल्या वाहतूक बेटावर पसरलेला एक भटका कुत्रा स्वतःची ओळख सांगतो. त्याच्या अंगावरचे काळे डाग सतराव्या शतकातल्या, अजून न जोडल्या गेलेल्या सात बेटांच्या मुंबईच्या नकाशासारखे आहेत. एका बाजूने त्याचा वंश १८६४ साली सर बार्टल फ्रियर यांनी विलायतेहून आणवलेल्या शिकारी कुत्र्यांपर्यंत पोचतो. वडिलांच्या बाजूने तो युधिष्ठिराच्या अखेरच्या प्रवासात सोबत चाललेल्या कुत्र्यापर्यंत जातो. नकाशा, वसाहतीचा इतिहास आणि महाप्रस्थानिक पर्व या तीन संहिता एकाच कातडीवर आल्या आहेत.

अशा वेळी प्रत्येक संहितेबद्दल वेगळी चौकशी करावी. फ्रियर १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते आणि किल्ल्याची तटबंदी त्यांच्याच कारकिर्दीत पाडली गेली; म्हणजे शहराच्या सीमा मोडणारा माणूस कुत्र्याच्या पूर्वजांत आला आहे. महाभारतात तो कुत्रा बरोबर येणार नसेल तर स्वर्ग नको असे युधिष्ठिर म्हणतो आणि शेवटी तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म असल्याचे उघड होते. कोलटकरांच्या कवितेत मात्र बोलणारा कुत्रा आहे, राजा नाही. मूळ कथेत ज्याला एकही वाक्य नाही त्याला इथे सगळी वाक्ये मिळाली आहेत. तिन्ही संहितांमधले वाकण एकच आहे: नकाशा काढणारा, शिकार आणणारा आणि स्वर्गाला जाणारा हे तिघेही बाजूला झाले असून ज्याच्यावरून त्यांनी आपापला उद्योग केला तो प्राणी बोलतो आहे. त्याच पुस्तकात कचऱ्याची गाडी तुडवणारी झाडूवाली ‘मीरा’ या शीर्षकाखाली येते, तेही याच नजरेने वाचावे.

माहिती मिळू लागली की ती थांबत नाही, हा या वाचनातला मोठा धोका आहे. उदाहरणार्थ, भटकी कुत्री मारण्याच्या हुकमावरून १८३२ साली मुंबईच्या कोटात पारशी रहिवाशांच्या पुढाकाराने दंगल झाली होती. कुत्र्याच्या कवितेवर लिहिताना ही हकीकत देण्याची इच्छा अनावर होते. पण ‘पाय-डॉग’च्या ओळींना या हकिकतीचा आधार लागत नाही. एखादा संदर्भ काढून टाकून कविता पुन्हा वाचावी. अर्थ उणा झाला तर संदर्भ ठेवावा, तसाच राहिला तर तो तळटीपेतही नको.

मूळ दाखवता येत नसेल तेव्हा

नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला, आणि तेव्हापासून त्यांच्या भाषेचे नाते लावण्याचे अनेक प्रयत्न झाले. ज्या वस्तीचे नाव संग्रहाला मिळाले ती तमाशाच्या थिएटरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पिला हाउसपासून लांब नाही, म्हणून शाहिरीशी तिची सांगड घालता येते. परंतु ‘मुंबई, मुंबई, माझ्या प्रिय रांडे’ या संबोधनाचे काय करावे? याला एकच एक मूळ नाही. असे असताना समान वृत्तीची जुनी रचना शेजारी ठेवून पाहणे हा प्रामाणिक मार्ग आहे. जनाबाईंच्या नावावरचा ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ हा अभंग पाहावा. त्यात पुढे देवाच्या बायकोला रांड आणि रंडकी म्हटले आहे. दासी म्हणून राबणारी स्त्री देवाशी जवळीक शिवीतून सांगते, आणि ती शिवी वारकरी परंपरेने अभंग म्हणून जपली. ढसाळांच्या संबोधनातला ‘प्रिय’ हा शब्द या प्रकाशात सौम्य करणारा वाटत नाही. शिवी आणि माया ही एकाच हक्काची दोन टोके असल्याचे तो सांगतो. फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. विठ्ठलाला शिवी दिली तरी तो जनाबाईबरोबर दळायला बसतो अशी परंपरेची श्रद्धा आहे. शहर असे काही करत नाही. टिपणात ‘ढसाळांनी हे जनाबाईंकडून घेतले’ असे वाक्य येऊ देऊ नये. ‘जनाबाईंच्या अभंगाशेजारी ही ओळ ठेवली असता’ अशी सुरुवात केली तर वाचकाचे स्वातंत्र्यही राहते आणि पुराव्याशी इमानही.

टिपण लिहिताना

लेखी मांडणीत प्रथम कवितेतली ओळ द्यावी, लगेच खाली मूळ ओळ द्यावी, आणि दोहोंतला बदल एका वाक्यात सांगावा, पार्श्वभूमी त्यानंतर. उलट क्रमाने लिहिले की पार्श्वभूमीच लेख खाऊन टाकते. अवतरण छापील प्रतीवरून उतरवावे, कारण मुंबईच्या कविता आणि लावण्या पाठांतराने फिरत असल्यामुळे त्यांचे पाठ बदलत गेलेले असतात आणि एका अक्षराचा बदल किती दूर नेतो हे मर्ढेकरांच्या ओळीत दिसलेच आहे. शक्य असल्यास कविता मूळ संदर्भ ठाऊक नसलेल्या वाचकालाही वाचून दाखवावी. सुर्व्यांचे ‘खोलीस लाचार’ त्याला उपनिषदाशिवाय कळते. मग उपनिषदाने त्यात काय भर घातली एवढेच आपल्याला लिहायचे असते.

शेवटी, जागांविषयीच्या टिपांत साल अवश्य द्यावे. काळ्या घोड्यावर आरूढ असलेला सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ साली चौकातून हलवून राणीच्या बागेत नेला गेला आणि २०१७ मध्ये त्याच परिसरात स्वार नसलेला नवा काळा घोडा बसवण्यात आला. कोलटकरांचे पुस्तक या दोन सालांच्या मधले आहे. आजचा वाचक चौकात जाऊन घोडा पाहतो आणि कवितेतला चौक हाच असे समजतो. त्याच्यासाठी ही दोन साले टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवीत.